प्रोसेसरला विचारायचं कसं? नवशिक्यांसाठी सचित्र नसलेली मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका कोणासाठी

अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यातल्या प्रत्येक सोसायटीत एक जण ‘कॉम्प्युटरमध्ये’ असतो. तो सीप्झमध्ये बसून बँकेचं सॉफ्टवेअर तपासतो की पवईत जाहिरातींचे आकडे जुळवतो, याच्याशी सोसायटीला काही घेणंदेणं नसतं. कुणाचा प्रिंटर अडला की बेल त्याच्याच दारावरची वाजते. ही मार्गदर्शिका त्याच्यासाठी आहे. हल्ली प्रिंटरच्या पुढची प्रकरणंही त्याच्याकडे येऊ लागली आहेत.

घोडं साधारणपणे तीन ठिकाणी अडतं. पहिलं: सोसायटीचा जमाखर्च अशा प्रोग्रॅममध्ये आहे, जो फक्त विंडोज एक्सपीवर चालतो आणि ज्याचा कर्ता कॅनडात स्थायिक झाला आहे. दुसरं: तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीचं क्लाउड कम्प्युटिंगचं प्रॅक्टिकल आहे आणि व्हर्च्युअलबॉक्स सुरूच होत नाही. तिसरं: तुम्ही स्वतःच हौसेने व्हर्च्युअल मशिनमध्ये मोंगोडीबी चढवलं आणि ते ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ एवढंच बोलून आडवं झालं.

तिन्हीकडे प्रश्न एकच असतो: या प्रोसेसरला अमुक एक काम येतं का? नवशिकेही तिन्हीकडे एकाच ठिकाणी फसतात. उत्तर काय आलं ते वाचतात. उत्तर दिलं कोणी, ते बघत नाहीत.

साहित्य

१. एक डेस्कटॉप. असेंबल केलेला असल्यास उत्तम. कॅबिनेटची एक बाजू उघडी असेल तर ती तशीच ठेवावी. ती बसवायला गेल्यास पंखा आवाज करू लागतो.

२. व्हर्च्युअल मशिन, म्हणजे यंत्राच्या आतलं नकली यंत्र, चालवणारं सॉफ्टवेअर. विंडोजवर व्हर्च्युअलबॉक्स, लिनक्सवर क्यूईएमयू आणि केव्हीएम. तिन्ही फुकट आहेत, त्यामुळे खर्चाला कमिटीची मंजुरी लागणार नाही.

३. मेगाब्लॉकचा रविवार. बाहेर कुठे जायचा प्रश्नच उरत नाही.

४. वही आणि पेन. यावर हसू नये. पुढे दोन याद्या ताडून बघायच्या आहेत, आणि त्यातली एक ज्या खिडकीत दिसते ती दुसरी उघडताच बंद होते.

सूचना: या मार्गदर्शिकेत आज्ञा देवनागरीत दिल्या आहेत. यंत्रावर त्या रोमन लिपीतच टाइप कराव्यात. यंत्राने मराठीत दाद दिली नाही म्हणून या मार्गदर्शिकेला दोष देऊ नये.

पायरी १ : थेट विचारा

इंटेल आणि एएमडीच्या प्रोसेसरला स्वतःबद्दल माहिती देण्याची सोय आहे. तिचं नाव सीपीयूआयडी. ही एक सूचना आहे, इतर शेकडो सूचनांसारखीच. पण तिने बेरीज-वजाबाकी होत नाही, प्रोसेसर आपला बायोडेटा सांगतो. १९९३ साली पेन्टियमबरोबर ती आली आणि ४८६च्या उशिराच्या मॉडेलांतही घातली गेली. त्याआधी प्रोग्रॅमना अंदाजपंचे काम करावं लागे: एखादा फ्लॅग बदलून बघायचा, बदलला तर ४८६, नाही बदलला तर ३८६. आजही सीपीयूआयडी आहे का हे तपासायची शास्त्रोक्त पद्धत हीच आहे. ईफ्लॅग्ज रजिस्टरमधला २१वा बिट हलवून बघायचा. हलला तर समजायचं की विचारायची सोय आहे.

प्रश्न क्रमांकाने विचारायचे असतात, त्या क्रमांकांना लीफ म्हणतात. लीफ ० विचारलं की १२ अक्षरांत घराण्याचं नाव मिळतं: ‘जेन्युइनइंटेल’ किंवा ‘ऑथेंटिकएएमडी’. अक्षरं तीन रजिस्टरांत विभागून येतात, आणि ती बी, सी, डी अशा क्रमाने न वाचता बी, डी, सी अशा क्रमाने वाचायची. असं का, ते विचारू नये. सायरिक्स नावाच्या कंपनीने याच १२ अक्षरांत ‘सायरिक्सइन्स्टेड’ असं लिहून इंटेलला चिमटा काढला होता. बायोडेटात टोमणा मारता येतो, हे त्या क्षेत्रातही फार लवकर सिद्ध झालं.

लीफ १ आणि लीफ ७ ही कामाची पानं. तिथे ३२-३२ बिटांच्या रांगा येतात आणि प्रत्येक बिट म्हणजे एका कौशल्यापुढची हो-नाहीची खूण. लीफ १च्या ईसीएक्स रजिस्टरमधला ५वा बिट म्हणजे व्हीएमएक्स, म्हणजेच इंटेलचं हार्डवेअर व्हर्च्युअलायझेशन. त्याच रांगेतला २८वा बिट एव्हीएक्सचा, म्हणजे एका झटक्यात अनेक आकडे हाताळणाऱ्या सूचनांचा. लीफ ७च्या ईबीएक्समधला ५वा एव्हीएक्स२चा. एएमडीवर व्हर्च्युअलायझेशनचा बिट वेगळ्याच पानावर असतो आणि त्याचं नाव एसव्हीएम.

हे सगळं पाठ करायचं नाही. लिनक्सवर ‘एलएससीपीयू’ म्हणावं, ‘फ्लॅग्ज’पुढे लांबलचक यादी येते. विंडोजवर टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग सीपीयू. खाली ‘व्हर्च्युअलायझेशन : एनेबल्ड’ अशी ओळ दिसते. तपशील हवा असेल तर मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातलं ‘कोअरइन्फो’ चालवावं. तिथे आहे त्या गुणापुढे तारा येतो, नाही त्यापुढे आडवी रेघ.

नावावर मात्र जाऊ नका. लीफांच्या वरच्या मालिकेत प्रोसेसरचं ४८ अक्षरांचं भारदस्त नाव मिळतं, आणि दुकानदार तेच दाखवतो. २०१८ साली बाजारात आलेला पेन्टियम गोल्ड जी५४०० घ्या. नावात गोल्ड, खोक्यावर चकाकी, आणि एव्हीएक्सपुढे आडवी रेघ. मोंगोडीबीच्या ५.० पासूनच्या आवृत्त्यांना एव्हीएक्स लागतंच, त्यामुळे या सुवर्णयंत्रावर ते चालत नाही. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

पायरी २ : कुलूप तपासा

प्रोसेसर ‘मला येतं’ म्हणाला, म्हणजे करू देतीलच असं नाही. इंटेलच्या यंत्रांत बायॉस एका रजिस्टरमध्ये (क्रमांक हेक्साडेसिमल ३ए) परवानगी लिहून त्यावर कुलूप घालतं. ‘नाही’ लिहून कुलूप घातलं असेल, तर यंत्र पुन्हा सुरू होईपर्यंत कुणाच्या बापाला ते बदलता येत नाही. लिनक्सच्या नोंदीत तेव्हा ‘केव्हीएम : डिसेबल्ड बाय बायॉस’ अशी ओळ उमटते. जुन्या लिनक्समध्ये तर गंमत अशी की यादीत व्हीएमएक्स दिसायचं आणि व्हर्च्युअल मशिन मात्र सुरू व्हायचं नाही. २०२०पासून कुलूप असेल तर कर्नल तो फ्लॅगच यादीतून काढून टाकतं.

उपाय: यंत्र पुन्हा सुरू करा आणि डिलीट किंवा एफ२ दाबत राहा. इंटेलच्या बोर्डावर ‘इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी’ शोधा. एएमडीच्या बोर्डावर हेच ‘एसव्हीएम मोड’ या नावाने, बहुधा ओव्हरक्लॉकिंगच्या मेन्यूत दडलेलं असतं. तिथे ते का ठेवलं, याचा शोध रविवारी घेऊ नये. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीचं प्रॅक्टिकल बहुतेक वेळा इथेच मार्गी लागतं. व्हर्च्युअलबॉक्स ६.१ पासून हार्डवेअरच्या मदतीशिवाय चालतच नाही, त्यामुळे हे कुलूप उघडल्याशिवाय पुढे जाता येत नाही. चहा इथे मिळतो. पुढच्या पायऱ्यांना मिळेलच असं नाही.

पायरी ३ : आतून विचारा

आता क्यूईएमयूमध्ये व्हर्च्युअल मशिन सुरू करा, आत लिनक्स चढवा आणि तिथेही ‘एलएससीपीयू’ म्हणा. यादी येईल, पण आखूड. बाहेर होतं ते एव्हीएक्स२ आत गायब. मॉडेलचं नाव ‘क्यूईएमयू व्हर्च्युअल सीपीयू व्हर्जन २.५+’. बाहेर क्यूईएमयूची आवृत्ती कितीही नवी असली तरी हे २.५ काही पुढे सरकत नाही.

प्रोसेसर तोच, पायरी १ मध्ये ज्याला विचारलं तोच. मग उत्तर का बदललं? कारण आतून विचारलेला प्रश्न प्रोसेसरपर्यंत पोचलाच नाही. इंटेलच्या व्हीएमएक्समध्ये नियम असा आहे की पाहुण्या, म्हणजे आतल्या, यंत्रात सीपीयूआयडी ही सूचना आली की काम तिथल्या तिथे थांबतं आणि ताबा हायपरव्हायजरकडे, म्हणजे व्हर्च्युअल मशिन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे, जातो. हायपरव्हायजरला हे टाळायचा पर्यायच दिलेला नाही. मग तो आपल्याजवळच्या तक्त्यात बघतो, तिथे लिहिलेलं उत्तर रजिस्टरांत भरतो आणि पाहुण्याला पुन्हा सुरू करतो. पाहुण्याला वाटतं, प्रोसेसर बोलला. पोटभाडेकरूने ‘टाकीत पाणी किती’ असं विचारावं आणि मूळ भाडेकरूने टाकीवर न चढता ‘आहे बादलीभर’ म्हणावं, तसा हा मामला.

मधला माणूस ओळखायची खूणही ठेवली आहे. लीफ १च्या ईसीएक्समधला ३१वा बिट. खऱ्या प्रोसेसरवर तो कायम शून्य असतो. एक दिसला तर समजावं की आपण हायपरव्हायजरशी बोलत आहोत. मग हेक्साडेसिमल ४००००००० हे लीफ विचारावं. तिथे तो नाव सांगतो. केव्हीएम आपलं नाव तीनदा सांगतो: ‘केव्हीएमकेव्हीएमकेव्हीएम’. व्हीएमवेअर दोनदा: ‘व्हीएमवेअरव्हीएमवेअर’. मायक्रोसॉफ्ट एकदाच ‘मायक्रोसॉफ्ट एचव्ही’ म्हणतो, त्याला पुनरुक्तीची गरज वाटत नाही. हा सगळा सभ्यतेचा मामला आहे. हायपरव्हायजरने ठरवलं तर तो ही खूणही पुसू शकतो आणि ताकास तूर लागू देत नाही.

पायरी ४ : दोन याद्या ताडा

वही काढा. डावीकडे बाहेरची यादी, उजवीकडे आतली. जो फरक दिसतो तो हायपरव्हायजरच्या तक्त्यामुळे आहे, आणि त्या तक्त्याचा मसुदा बहुतेक वेळा तुम्हीच, न वाचता, ‘नेक्स्ट’ दाबून मंजूर केलेला असतो.

क्यूईएमयूला ‘-सीपीयू हेल्प’ म्हटलं की तयार मॉडेलांची जंत्री येते. त्यातलं ‘क्यूईएमयू६४’ हे काहीच न निवडता मिळतं. ते मुद्दाम जुनाट ठेवलेलं आहे, म्हणजे कुठल्याही यंत्रावर चालावं. त्याचा फटका नवी लिनक्स चढवताना बसतो. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ (२०२२) आणि त्यावर बेतलेली वितरणं एक्स८६-६४-व्ही२ या पातळीखालचा प्रोसेसर स्वीकारत नाहीत. २०२५ साली आलेली आवृत्ती १० तर व्ही३ मागते. पातळी कमी पडली की पडद्यावर येतं: ‘फेटल जीलिबसी एरर : सीपीयू डझ नॉट सपोर्ट एक्स८६-६४-व्ही२’. हा संदेश वाचून लोक नवीन प्रोसेसर घ्यायला निघतात. थांबा. व्ही२ म्हणजे साधारण २००८-०९ सालच्या इंटेल प्रोसेसरांची लायकी. टेबलाखालच्या डेस्कटॉपला ती बहुधा आहे. त्याला आत बोलू दिलेलं नाही, एवढंच.

पातळी थेट विचारायची असेल तर लोडरलाच विचारा: ‘एलडी-लिनक्स-एक्स८६-६४.एसओ.२’ या फाइलला ‘--हेल्प’ म्हणा. यादीच्या शेवटी व्ही२, व्ही३, व्ही४ यांपैकी कोणापुढे ‘सपोर्टेड’ आहे ते दिसेल. हीच आज्ञा आत एकदा आणि बाहेर एकदा द्या. वहीची दोन पानं वाचतात.

दुरुस्ती दोन प्रकारची. ‘-सीपीयू होस्ट’ म्हटलं तर केव्हीएमला जे काही पुढे देता येतं ते सगळं आत जातं. किंवा एखादं ठरावीक मॉडेल निवडून शेवटी ‘एन्फोर्स’ जोडावं. मग यंत्राला न झेपणारा एखादा गुण त्या मॉडेलमध्ये असेल, तर क्यूईएमयू सुरू व्हायलाच नकार देतो आणि कुठल्या लीफमधला कुठला बिट कमी आहे ते नावानिशी सांगतो. ‘एन्फोर्स’ नसेल तर तो गुण वगळला जातो आणि त्याबद्दलचा इशारा वर सरकून दिसेनासा होतो. सरकारी फॉर्ममधल्या तळटीपा वाचणाऱ्यांनीसुद्धा हा इशारा वाचलेला नसतो.

बदल केल्यावर आतून ‘रीस्टार्ट’ करून चालत नाही. तक्ता यंत्र सुरू होताना भरला जातो; आतल्या रीस्टार्टने क्यूईएमयूची प्रक्रिया जुनीच राहते. व्हर्च्युअल मशिन पूर्ण बंद करा, मग सुरू करा.

एव्हीएक्ससाठी आणखी एक अट. बिट दिसला म्हणजे भागलं नाही. ऑपरेटिंग सिस्टिमने त्या रजिस्टरांची जपणूक मान्य केली आहे का, हेही विचारायचं असतं. त्यासाठी शेजारचा २७वा बिट बघायचा आणि एक्सजीईटीबीव्ही या सूचनेने दोन बिट तपासायचे. प्रोसेसर, हायपरव्हायजर आणि ऑपरेटिंग सिस्टिम अशा तिघांचा होकार लागतो. एकाने हात वर केले की ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’.

पायरी ५ : कासवाला नमस्कार

व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीत खाली उजवीकडे, छोट्या चित्रांच्या रांगेत, कधी कधी हिरवं कासव दिसतं. नवशिके ते सजावट समजतात. त्याचा अर्थ असा की विंडोजने स्वतःच हायपर-व्ही हा आपला हायपरव्हायजर सुरू केला आहे आणि व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्याकडून उसनवारीवर काम करावं लागतंय. तुम्ही हायपर-व्ही लावलेला नसला तरी ‘मेमरी इंटिग्रिटी’ या सुरक्षेच्या सोयीने किंवा विंडोजमध्ये लिनक्स चालवणाऱ्या डब्ल्यूएसएल२ने तो लावलेला असतो.

इथे पायरी १ ला धक्का बसतो. हायपर-व्ही चालू असला की खुद्द तुमची विंडोजही त्याच्या वरच्या मजल्यावर राहते. म्हणजे ‘बाहेरून’ विचारताय असं तुम्हाला वाटत होतं, तेही आतूनच होतं. म्हणून कोअरइन्फोच्या माहितीत स्पष्ट लिहिलंय की अचूक उत्तर हवं तर हायपरव्हायजर चालू नसताना विचारा. ‘सिस्टिमइन्फो’ ही आज्ञा तर प्रांजळपणाचा कळस गाठते. ती म्हणते, हायपरव्हायजर आढळला आहे, त्यामुळे हायपर-व्हीला लागणाऱ्या गुणांची यादी दाखवली जाणार नाही. प्रश्न विचारला तुम्ही, आणि कानावर हात तिचे.

शंका-समाधान

*मधला माणूस खोटं का बोलतो?*

कमी सांगतो, आणि त्याला कारण आहे. ऐरोलीच्या किंवा चांदिवलीच्या डेटा सेंटरमध्ये जुनी-नवी यंत्रं शेजारीशेजारी असतात, आणि चालतं व्हर्च्युअल मशिन एकावरून दुसऱ्यावर हलवावं लागतं. प्रोग्रॅम बहुधा सुरुवातीला एकदाच सीपीयूआयडी विचारतो आणि उत्तर लक्षात ठेवतो. सकाळी एव्हीएक्स२ आहे असं सांगितलं आणि दुपारी ते नसलेल्या यंत्रावर नेऊन बसवलं, तर तो तिथेच कोसळेल. म्हणून सगळ्या यंत्रांत समान असेल तेवढंच कबूल करायचं. व्हीएमवेअरमध्ये याला ईव्हीसी म्हणतात. लिबव्हर्टमध्ये ‘व्हिर्श सीपीयू-बेसलाइन’ ही आज्ञा असा समाईक मसुदा काढून देते.

*कमी सांगण्यात धोका नाही ना?*

आहे. जानेवारी २०१८मध्ये स्पेक्टर आणि मेल्टडाउन या त्रुटी उघड झाल्या. त्यावरच्या उपायांसाठी प्रोसेसरांना मायक्रोकोडमधून नवे बिट मिळाले. जुन्या मॉडेलवर चालणाऱ्या पाहुण्याला ते बिट दिसले नाहीत, आणि बाहेर संरक्षण असूनही आत ते वापरताच आलं नाही. गुण वाढले की तक्ता पुन्हा वाचावा लागतो.

*भाड्याच्या क्लाउडवर काय करावं?*

ॲमेझॉनचा मुंबई विभाग जून २०१६पासून आहे. तिथलं नेहमीचं व्हर्च्युअल मशिन घेतलं तर तुम्ही कायम आतच असता, बाहेर जाऊन विचारायची सोय नाही. तिथे मधल्या माणसाचं उत्तर हाच कायदा. तो जे ‘नाही’ म्हणेल ते वापरू नये, मग प्रोसेसरच्या जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो.

*आपल्या पवईच्या प्रोसेसरला विचारता येईल का?*

सीपीयूआयडीने नाही. आयआयटी मुंबईत प्रा. माधव देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘अजित’ हा मायक्रोप्रोसेसर घडवला, २०१९ साली तो लोकांसमोर आला. मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटरच्या तंत्राने त्याची निर्मिती झाली. त्याची सूचनावली स्पार्क व्ही८, आणि त्या घराण्यात बायोडेटा विचारायची अशी खुली सोय नाही. पीएसआर या रजिस्टरच्या वरच्या आठ बिटांत बनावट आणि आवृत्ती लिहिलेली असते, पण ते वाचायला सुपरव्हायजरचा अधिकार लागतो. साध्या प्रोग्रॅमने ऑपरेटिंग सिस्टिममार्फतच जावं. इंटेलने गल्लीतल्या कुणालाही विचारू दिलं आणि नंतर मध्ये माणूस बसवला. स्पार्कने माणूस आधीच बसवला होता.

*आणि एक्सपीतला जमाखर्च?*

तो चालेल. एक्सपीला नवे बिट नकोत, फक्त पायरी २ मधलं कुलूप उघडं हवं. मात्र त्याला नेटवर्क जोडू नका, आणि वार्षिक सभेत हे तुम्ही केलंत असं सांगू नका. पुढच्या वर्षी खजिनदार करतील.

स्वाध्याय

प्र. १. रिकाम्या जागा भरा.
(अ) लीफ १, ईसीएक्स, ३१वा बिट एक असेल तर उत्तर ______ देत आहे.
(आ) तक्ता बदलल्यावर व्हर्च्युअल मशिन ______ करावं. आतून रीस्टार्ट पुरत नाही.

प्र. २. चूक की बरोबर ते सांगून कारण द्या.
(अ) टास्क मॅनेजरमध्ये ‘एनेबल्ड’ दिसलं, म्हणजे व्हर्च्युअलबॉक्सला कासवाचा धोका नाही.
(आ) नावात गोल्ड असलेल्या प्रोसेसरवर मोंगोडीबी चालतंच.

प्र. ३. थोडक्यात उत्तरं द्या.
जास्त गुण असलेल्या प्रोसेसरने ते मुद्दाम लपवणं केव्हा शहाणपणाचं, आणि केव्हा घातक?

उपक्रम: घरातल्या एका यंत्राची बाहेरची आणि आतली यादी एकाच दिवशी वहीत उतरवा. फरकाच्या प्रत्येक ओळीपुढे तो कोणाच्या निर्णयाने पडला ते लिहा: प्रोसेसर, बायॉस, विंडोज, हायपरव्हायजर, की तुम्ही स्वतः. शेवटचा रकाना कोरा राहिला, तर मशिन बनवताना ‘नेक्स्ट’ किती वेळा दाबलं होतं ते आठवून मग सही करा.